एस्पेरार : वाक्यात उपयोग करा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत दुसरा प्रश्न ठरलेला असे : पुढील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. आम्ही मुली अर्थ घोकून जायचो आणि वाक्याच्या नावानं काहीतरी ठोकून द्यायचो. 'उदासीन' आला की 'राम उदासीन होता.' झालं. बाई अशा वाक्याला अर्धाच गुण द्यायच्या. 'उदासीन'च्या जागी 'उपाशी' घातलं तरी वाक्य चालतंय, मग शब्द तुला कळला कशावरून, एवढंच विचारायच्या. त्या अर्ध्या गुणाचा राग मला बरीच वर्षं होता. पुढे मी स्पॅनिश शिकले, पुण्यात गेली पंचवीस वर्षं ती शिकवते आहे, आणि आता मीही अर्धाच गुण देते.

आज एकच शब्द घेऊन आले आहे. तोही जडजवाहीर नव्हे, रोजच्या वापरातला. स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या पंधरा दिवसांत भेटतो. एस्पेरार.

वर्गात एकदा मी वाक्य दिलं, 'ते एस्पेरो एन ला प्लासा', आणि घरून मराठी करून आणायला सांगितलं. मला हवं होतं 'मी चौकात तुझी वाट बघते'. एका मुलीनं कोश उघडून प्रामाणिकपणे लिहून आणलं, 'मी चौकात तुझी आशा करते'. वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला, तर तिचं फारसं चुकलेलं नव्हतं. हवं ते मिळेल अशी आशा बाळगणं, हा अर्थ तिथं पहिला आहे. काही घडेल असं धरून चालणं हा त्यानंतर. आणि कुणी येईल म्हणून एका जागी थांबून राहणं, ज्यासाठी हा शब्द दिवसातून पन्नासदा लागतो, तो त्याच्याही खाली. आशा, अपेक्षा आणि वाट पाहणं या आपल्या तीन स्वतंत्र गोष्टी, तिकडे एकाच क्रियापदाच्या घरात नांदतात.

घर मुळात आशेचं. लॅटिनमध्ये 'स्पेरारे' म्हणजे आशा धरणं. स्पॅनिश जिभेला शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला चिकटलेलं व्यंजन सोसत नाही, पुढे एक 'ए' लागतो. आपल्याकडे स्टेशनाचं इस्टेशन आणि स्कूलचं इस्कूल होतं तेच. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये स्टेशनाला 'एस्तास्योन' आणि शाळेला 'एस्क्वेला' म्हणतात; आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना हे दोन शब्द शिकवावे लागले नसते. तसंच 'स्पेरारे'चं 'एस्पेरार' झालं. वाट पाहण्यासाठी लॅटिनमध्ये वेगळी क्रियापदं होती. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी हे अंतर राखलं. फ्रेंच माणूस आशा धरतो ती 'एस्पेरे'नं आणि बसची वाट पाहतो ती 'आतांद्र'नं. इटालियन 'स्पेरारे' आणि 'आस्पेत्तारे' वेगळे ठेवतो. पिरेनीज डोंगर ओलांडून खाली उतरलं की भिंत पडते. स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, तिन्हींत आशेचं क्रियापदच बसथांब्यावर उभं असतं.

इतर भाषांत वाट पाहण्याचा शब्द बहुतेकदा डोळ्यापासून निघतो. इटालियन 'आस्पेत्तारे'च्या मुळाशी पाहणं आहे. इंग्रजी 'वेट' हा मुळात पहाऱ्याचा शब्द. संस्कृतातली 'प्रतीक्षा' आणि 'अपेक्षा', दोन्हींत 'ईक्ष्' म्हणजे पाहणं. स्पॅनिशमध्येही थोडा भारदस्त असा दुसरा शब्द आहे, 'आग्वार्दार', तोही राखण करणाऱ्याचा. मराठीनं डोळ्यापुढे आणखी एक वस्तू ठेवली : वाट. नुसतं बघायचं नाही, रस्ता बघायचा. हिंदीत 'राह देखते' तेही तसंच. येणारा माणूस अजून दिसत नाही, पण ज्यावरून तो येणार ती वाट दिसते.

आणि वाट पाहण्याच्या आपल्याकडे किती जाती! 'थांबणं' पायांचं आहे. 'वाट पाहणं' डोळ्यांचं. 'ताटकळणं' सगळ्या अंगाचं. 'तिष्ठणं' फक्त मोठ्या माणसाच्या दारात होतं, स्वतःच्या घरात कुणी तिष्ठत नाही. 'खोळंबणं' माणसापेक्षा कामाचं जास्त. या सगळ्यांना स्पॅनिश माणूस एकच शब्द पुरवतो. मग कळतं कसं?

कळतं ते शब्दाच्या मागून काय येतं त्यावरून, आणि इथंच माझ्या बाईंचा प्रश्न खरा ठरतो. तीन वाक्यं ऐका. 'एस्पेरो के बेंगास' : तू यावंस अशी माझी आशा आहे. 'एस्पेरो के बेंद्रास' : तू येशील असं मी धरून चालले आहे. 'एस्पेरो आ के बेंगास' : तू येईपर्यंत मी थांबते. पहिलं क्रियापद तिन्हींत तेच आहे, एका अक्षराचा फरक नाही. फरक पुढच्या क्रियापदाच्या रूपात आणि मधल्या इवल्याशा 'आ' या अव्ययात. 'बेंगास' हे जे रूप आहे त्याला तिकडचे व्याकरणकार 'सुब्खुंतिव्हो' म्हणतात. जे अजून घडलेलं नाही, जे केवळ मनात आहे, त्याचं हे रूप. माझे विद्यार्थी त्याला घाबरतात. मी त्यांना सांगते, बाबांनो, आपल्याकडे 'यावं', 'यावंस', 'येवो' आहेच की. 'तू येशील अशी आशा आहे' आणि 'तू यावंस असं वाटतं' या दोन वाक्यांमधला फरक तुम्हाला पाळण्यापासून ठाऊक आहे. फक्त मराठीत चुकलं तर कुणी टोकत नाही. स्पॅनिशमध्ये चुकलात तर तुमची आशा ऐकणाऱ्याला खात्री वाटते, आणि तो तशीच तयारी करून बसतो.

ज्याला केवळ आशा म्हणायची आहे, वाट पाहण्याचा वाराही नको, त्याच्यासाठी आणखी एक शब्द आहे : 'ओखाला'. तो अरबीतून आला, 'अल्लाची इच्छा असती तर' अशा अर्थाच्या शब्दांतून. 711 साली अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि 1492 साली त्यांच्या राज्याचं शेवटचं ठाणं, ग्रानादा, पडलं. राज्य गेलं, मशिदींची चर्चं झाली, पण आजही माद्रिदमधली कट्टर कॅथलिक आजी नातवाच्या परीक्षेसाठी म्हणते ते 'ओखाला'च. ती कुणाचं नाव घेते आहे हे तिच्या गावीही नसतं. आपणही 'देव करो' म्हणताना देवाला कुठं हाक मारतो? पण ती वेगळ्या व्याख्यानाची गोष्ट आहे.

एस्पेरारकडे परत येऊ. दवाखान्यात बसायची खोली म्हणजे 'साला दे एस्पेरा'. 'साला' म्हणजे दालन. पहिल्या दिवशी वर्ग पाच मिनिटं हातात राहत नाही. तिकिटांची प्रतीक्षा यादी म्हणजे 'लिस्ता दे एस्पेरा'. पण याच शब्दानं माणसं भांडतातही. 'के एस्पेराबास?' याचं शब्दशः मराठी होईल 'तू कसली अपेक्षा करत होतास?', आणि असं मराठी आईच्या तोंडी कधी येत नाही. ती म्हणते, 'मग दुसरं काय होणार होतं?' 'एरा दे एस्पेरार' म्हणजे 'हे व्हायचंच होतं'. इथं गंमत बघा : आशेच्या शब्दानं वाईटाची खात्री दिली जाते. 'लो के नोस एस्पेरा', म्हणजे जे आपली वाट पाहत बसलं आहे ते. याला मराठी शोधत मी बरेच दिवस होते. मग एकदा स्वयंपाकघरातूनच मिळालं : 'पुढं काय वाढून ठेवलंय कोण जाणे.' स्पॅनिशमध्ये संकट रस्त्याच्या कडेला उभं राहून वाट पाहतं, मराठीत ते पानात वाढलेलं असतं.

बाईला दिवस गेले, हे स्पॅनिशमध्ये सांगायचं तर नुसतं 'एस्ता एस्पेरांदो' म्हणायचं, ती वाट पाहते आहे. कशाची ते सांगावं लागत नाही. जुन्या वळणाची माणसं म्हणतात, ती 'चांगल्या आशेच्या अवस्थेत' आहे. आपण म्हणतो, तिला दिवस गेलेत. एकाच बाईकडे पाहून दोन भाषा दोन दिशांना तोंड करतात. मराठी गेलेले दिवस मोजते, स्पॅनिश येणारे. कुठलं बरं, यात मी पडत नाही. आपल्या बायकांनी गेलेलेच दिवस का मोजले असावेत, याला दृष्ट लागण्याची भीती हेही एक उत्तर असू शकेल. जे यायचंय त्याचं नाव आधी घेऊ नये.

तिकडे मात्र त्या वाट पाहण्याचा चक्क सण आहे. 18 डिसेंबर, नाताळच्या आधी बरोबर सात दिवस. तोलेदो इथं 656 साली भरलेल्या धर्मपरिषदेनं येशूची आई मारिया हिचा सण या दिवशी आणला. हिचं नाव 'एस्पेरान्था', म्हणजे आशा, आणि अर्थातच गरोदर. (स्पेनच्या बहुतेक भागात 'एस्पेरान्था', लॅटिन अमेरिकेत 'एस्पेरान्सा'. मी दोन्हीकडे राहिलेय, त्यामुळे आज दोन्ही ऐकायला मिळतील.) सेव्हिया शहरातली मारियेची मूर्ती, माकारेना, ती हीच. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवार आणि शुक्रवार यांच्या मधल्या रात्री तिची पालखी निघते, आणि तिच्या अंगावर हिरवं असतं. स्पॅनिश जगात आशेचा रंग हिरवा. आता एक निव्वळ योगायोग सांगते, त्यातून कृपया कुणी सिद्धान्त काढू नये. संस्कृतात 'आशा' या शब्दाचा दुसरा अर्थ दिशा असा आहे, आणि अमरकोशात दिशेच्या पर्यायी शब्दांत 'आशा' आणि 'हरित' शेजारी शेजारी बसलेत. असो. या माकारेनेला 1920 साली काळी वस्त्रं नेसवली होती. तिचा भक्त असलेला तरुण बैलझुंजवीर खोसेलितो मे महिन्यात रिंगणात मारला गेला, तेव्हा सेव्हियाच्या लोकांनी आशेलाच सुतक पाळायला लावलं.

पोर्तुगीज भाषेतली हिची बहीण आपल्या अंगणापर्यंत आली. 1488 साली बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेला. त्यानं त्या टोकाला वादळांचं भूशिर म्हटलं आणि राजा दुसरा जुआंव यानं ते बदलून 'बोआ एस्पेरान्सा' केलं, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. आपण भूगोलात केप ऑफ गुड होप म्हणून पाठ केलं, पण गुड होप कसली हे मला तरी कुणी शाळेत सांगितलं नाही. ती आशा आपल्या किनाऱ्याची होती, मिऱ्याची. दहा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला आला, 1510 साली अल्बुकर्कनं गोवा घेतलं. इकडे त्यांची वाट कुणी पाहत नव्हतं. पुढची साडेचारशे वर्षं, 1961 पर्यंत, गोव्याच्या कचेऱ्यांत 'एस्पेरार' घुमत राहिला. कांदोळीला 'आशेच्या मातेचं' देऊळ, म्हणजे चर्च, आजही आहे. पण कोकणी माणूस वाट 'पळयता'च, म्हणजे बघतोच. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, लिलाव, एवढं सगळं आपण पोर्तुगिजांकडून उचललं. नामं बंदरात उतरली, गोदामात आणि स्वयंपाकघरात शिरली. क्रियापदं जहाजावरच राहिली.

आतापर्यंत मी जे बोलले त्यावरून तुम्ही एक निष्कर्ष काढला असेल, आणि तो काढू नये म्हणून मला पुढचं बोलायचं आहे. निष्कर्ष असा, की स्पॅनिश माणसाला वाट पाहणं आणि आशा एकच वाटतं, केवढा आशावादी समाज! अशी वाक्यं वाढदिवसाच्या भेटकार्डावर शोभतात. बसथांब्यावरच्या माणसाला विचारा. त्याला एस्पेरारमध्ये आशाबिशा काही ऐकू येत नाही, बस उशिरा आहे एवढंच ऐकू येतं. आपल्याला 'वाट पाहणे' म्हणताना डोळ्यासमोर खरा रस्ता कुठं दिसतो? मंगळावरच्या यानाकडून संदेश यायची सुद्धा आपण वाटच पाहतो. शिवाय भाषेनं स्वतःच सोय केली आहे. क्रियापद एक, पण नामं दोन. नुसतं थांबणं, ते 'एस्पेरा'. आशा, ती 'एस्पेरान्सा'. दोघांची गल्लत होत नाही. दवाखान्यातल्या खोलीला कुणी आशेचं दालन म्हणत नाही. सरासरी आयुर्मानाला मात्र 'एस्पेरान्सा दे बिदा', आयुष्याची आशा, म्हणतात. संभाव्यतेच्या गणितातल्या अपेक्षित मूल्यालाही 'गणिती आशा'. विमा कंपनीच्या कोष्टकातली ती आशा किती भावूक असते ते तुम्ही जाणताच. म्हणसुद्धा आहे, 'क्येन एस्पेरा, देसेस्पेरा', वाट पाहणाऱ्याचा धीर सुटतो. इंग्रजी सिनेमातला पिस्तूलवाला डेस्पेराडो याच कुळातला. आशा सुटलेला माणूस.

स्पेनमध्ये लोक वाट कशी पाहतात ते सांगण्यासारखं आहे. एका लहान गावात मी आरोग्य केंद्रात गेले होते. रांग दिसेना. दहाबारा माणसं कुठंही बसलेली, दोघी दाराबाहेर बोलत उभ्या. मी आपली दाराला चिकटून उभी राहिले, पुणेरी सवयीनं. तेवढ्यात एक आजी आत आल्या आणि सगळ्यांना उद्देशून विचारत्या झाल्या, 'शेवटचं कोण?' कुणी बोलेना. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटची मी होते, आणि ते मी सांगायला हवं होतं. तिथं रांग पायांनी लागत नाही, तोंडानं लागते. येणाऱ्यानं शेवटचं कोण ते विचारायचं, त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल जाऊन बसायचं. पुढचा येईल तो आपल्याला विचारेल. आपल्याकडे नंबर लावायला पिशवी किंवा चप्पल ठेवतात. तिथं चेहरा ठेवतात. ताटकळणं हा शब्द त्या खोलीत शोधूनही सापडला नसता. म्हणजे शब्द एकच असला तरी वाट पाहण्याच्या तऱ्हा कमी नसतात, भाषेनं त्यांना नावं दिली नाहीत इतकंच.

मग हा जोडअर्थ खरा जागा होतो कुठं? माझं उत्तर असं आहे : जिथं एक माणूस दुसऱ्याला थांबवू शकतो तिथं. कचेरीच्या खिडकीमागचा माणूस आदरार्थी आज्ञा करतो, 'एस्पेरे'. थांबा. हेच रूप 'आशा धरा' या अर्थाचंही आहे. खिडकीमागच्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो, खिडकीबाहेरच्याला दुसरा ऐकू येतो. आणि या ऐकू येण्यावर वर्षानुवर्षं कामं चालतात.

गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'कर्नलला पत्र लिहिणारं कुणी नाही' अशा अर्थाच्या नावाची एक छोटी कादंबरी आहे. कोलंबियातल्या यादवी युद्धात लढलेल्या एका म्हाताऱ्या कर्नलला निवृत्तिवेतन मंजूर व्हायचं आहे. दर शुक्रवारी नदीतून टपालाची लाँच येते, दर शुक्रवारी तो धक्क्यावर जातो, आणि पंधरा वर्षं त्याच्या नावचं काही येत नाही. घरात कॉफीच्या डब्याच्या तळाचा शेवटचा थर गंजासकट खरवडून काढावा लागतो. चूल पेटलेली दिसावी म्हणून बायको भांड्यात दगड उकळत ठेवते. मुलगा मारला गेला आहे, त्याचा झुंजीचा कोंबडा तेवढा मागं उरलाय, आणि माणसांनी उपाशी राहून त्याला मका घालायचा आहे. मार्केसच्या आईचे वडील असेच कर्नल होते, हजार दिवसांच्या यादवी युद्धातले, आणि तेही आयुष्यभर निवृत्तिवेतनाची वाट पाहत राहिले. स्वतः मार्केसनं ही गोष्ट लिहिली ती पॅरिसमध्ये, 1956-57 मध्ये, हॉटेलच्या माळ्यावरच्या खोलीत. तो ज्या वृत्तपत्राचा वार्ताहर होता ते 'एल एस्पेक्तादोर', म्हणजे पाहणारा, हुकूमशाहीत बंद पडलं होतं, आणि तो धनादेशाच्या पत्राची वाट पाहत होता. 1958 साली एका नियतकालिकात ती छापली गेली, 1961 साली पुस्तक झालं.

हे कथानक मराठीत सांगताना दर शुक्रवारी मला ठरवावं लागतं : कर्नल वाट पाहतोय की आशा धरून आहे? मराठीत वाक्य लिहायचं तर एक काहीतरी निवडावंच लागतं. मूळ भाषेला ते बंधन नाही. धक्क्यावर उभा असलेला कर्नल एस्पेरा करतो, बस्. त्याची बायको मात्र अर्थ फोडून दाखवणारी आहे. आशा खाता येत नाही, हे तिला भांड्यातल्या दगडांमुळे पक्कं ठाऊक आहे. मला या पुस्तकात कर्नलपेक्षा तीच जास्त आवडते. सारखी भाषाशास्त्रज्ञासारखी वागते.

अर्जेंटिनाच्या आन्तोनियो दी बेनेदेत्तोनं 1956 साली 'सामा' नावाची कादंबरी लिहिली. अठराव्या शतकाच्या शेवटी आसुन्स्योनमध्ये पडून राहिलेला एक वसाहती अधिकारी बदलीची वाट पाहतो आणि पाहता पाहता माणसातून उठतो. ही कादंबरी लेखकानं वाट पाहण्याला बळी पडलेल्यांना अर्पण केली आहे. तिथं त्यानं शब्द घातला 'एस्पेरा', 'एस्पेरान्सा' नव्हे. इंग्रजी भाषांतरात त्याचं 'एक्स्पेक्टेशन' झालं. मला तिथं 'तिष्ठणं' हवंसं वाटतं, पण अर्पणपत्रिकेत ते बसत नाही. वीस वर्षांनी, मार्च 1976 मध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा दी बेनेदेत्तोला अटक झाली. दीड वर्षाच्या आसपास तो तुरुंगात होता. गुन्हा काय ते त्याला कधीच सांगितलं गेलं नाही.

बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक तुम्हाला माहीत आहे. त्याच्या फ्रेंच नावात 'आतांद्र' आहे, इंग्रजीत 'वेट' आहे, दोन्हींत आशेचा लवलेश नाही, आणि बेकेटनं दोन्ही नावं स्वतःच दिली. स्पॅनिशमध्ये ते 'एस्पेरांदो आ गोदो' झालं. अनुवादकाचा नाइलाज होता. पण झाडाखाली बसलेल्या त्या दोघांच्या खिशात एक जादा नाणं पडलं, जे बेकेटनं टाकलं नव्हतं.

आपल्याकडे आशेकडे बघण्याची रीतच निराळी. कॅथलिक धर्मात श्रद्धा, आशा आणि प्रेम या तीन मोठ्या सद्गुणांत आशा येते, आणि ती टाकून देणं हे पाप. आपल्याकडे 'आशा सुटेना अन् देव भेटेना'. आशा हा अडसर. आशाळभूत ही शिवीच. कुणाला आशेला लावणं हे दुष्टपणाचं काम. मुलीचं नाव आपण हौसेनं आशा ठेवतो हे खरं, पण कीर्तनकार उभा राहिला की त्याच आशेला खाली बसवतो. मात्र वाट पाहण्याला आपल्याकडे कमीपणा नाही. पुंडलिकानं वीट फेकली आणि थांब म्हटलं, तो विठोबा अजून थांबलाय. तो कसली आशा धरून उभा आहे असं एकाही वारकऱ्याला वाटत नाही. मराठीत वाट पाहणं आणि आशा वेगळी राहिल्यामुळे आशेवाचूनचं थांबणं आपल्याला मोठं करता आलं. स्पॅनिशमध्ये विठोबाचं हे उभं राहणं कसं सांगायचं, यावर मी एकदा एका कोलंबियन मैत्रिणीबरोबर अख्खी दुपार घालवली. एस्पेरार घातलं की ती विचारायची, कशाची? शेवटी 'तो उभा आहे' एवढ्यावर भागवलं.

आता शेवटची गोष्ट. ऑगस्ट 2010. चिलीत, आताकामाच्या वाळवंटात कोपियापो शहराजवळ सान खोसे नावाची खाण 5 तारखेला कोसळली आणि 33 खाणकामगार सुमारे 700 मीटर खोल अडकले. वर उघड्या माळावर नातेवाइकांनी तंबू ठोकले. त्या वस्तीला नाव पडलं 'काम्पामेन्तो एस्पेरान्सा'. 'एस्पेरा' नव्हे. नाव द्यायची वेळ आली तेव्हा लोकांना दोन नामांतला फरक नीट आठवत होता. सतरा दिवस खाली कुणी जिवंत आहे की नाही हेही कळलं नाही. 22 ऑगस्टला वर ओढलेल्या ड्रिलच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी आली, सगळे सुखरूप असल्याची. बाहेर यायला मात्र 13 ऑक्टोबर उजाडला, एकूण 69 दिवस.

त्या 33 जणांपैकी एकाची बायको तेव्हा दिवसांची होती. 14 सप्टेंबरला, नवरा जमिनीखाली असतानाच, तिला मुलगी झाली. आधी दुसरं नाव ठरलं होतं, ते बदलून मुलीचं नाव एस्पेरान्सा ठेवलं.

मुलगी व्हायच्या आदल्या दिवसाचं तिच्या आईबद्दलचं एक वाक्य मी दरवर्षी वर्गाला देते. दोनच शब्दांचं : 'एस्ता एस्पेरांदो.' मराठी करून आणा. काही जण लिहून आणतात, ती वाट पाहते आहे. काही जण, ती आशा धरून आहे. काही, तिला दिवस गेले आहेत. एखादी मुलगी तिन्ही लिहिते आणि समोर प्रश्नचिन्ह घालते. तिला मी पूर्ण गुण देते.